सार्वजनिक सभांचे प्रक्षेपण

कायद्याने स्थापन झालेल्या अथवा सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संस्थांच्या अधिकृत सभांचे कामकाज चालू असतानाच ते दृक्‌श्राव्य साधनांद्वारे सर्वांना पाहता व ऐकता येईल अशी व्यवस्था करणे, म्हणजे सार्वजनिक सभांचे प्रक्षेपण होय. संसद, विधिमंडळे, महानगरपालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती, वैधानिक मंडळे व न्यायालये या सर्वांच्या संदर्भात ही कल्पना मांडली जाते. प्रक्षेपण संस्थेच्या इच्छेवर सोपवावे की कायद्याने बंधनकारक करावे, हा तीतील मुख्य वादविषय आहे.

सभेच्या प्रकटतेचे तीन टप्पे इतिहासात दिसून येतात. पहिला टप्पा सभेस प्रत्यक्ष हजर राहण्याच्या हक्काचा, दुसरा सभेचे इतिवृत्त व कागदपत्रे पाहण्याच्या हक्काचा आणि तिसरा सभा दूरवरून पाहण्याच्या हक्काचा. प्रत्येक टप्प्यावर सभेचा प्रेक्षकवर्ग विस्तारत गेला. तथापि सभेची नोंद कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न तिन्ही टप्प्यांत कायम राहिला. सभेत काय घडले ते सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याच्याकडे सभेची निम्मी सत्ता असते. प्रक्षेपणाच्या बंधनाचे खरे महत्त्व हा अधिकार एकाच हाती न राहू देण्यात आहे.

स्थानिक संस्थेच्या दृष्टीने हा प्रश्न कसा उभा राहतो, हे नृसिंहवाडीसारख्या क्षेत्राच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नृसिंहवाडी किंवा नरसोबाची वाडी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर वसलेले गाव. नरसिंह सरस्वती यांचे येथे बारा वर्षे वास्तव्य होते, अशी परंपरा असून दत्तसंप्रदायाचे प्रमुख क्षेत्र म्हणून महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतून येथे यात्रेकरू येतात. गावाचा स्थानिक कारभार ग्रामपंचायतीकडे असतो. अशा क्षेत्रात पाणीपुरवठा, सांडपाणी, दिवाबत्ती, दुकानांच्या जागा, वाहनतळ, घाटांची स्वच्छता आणि महापुरानंतरची मदत हे विषय नित्याचे होत. त्यांवरील निर्णयांशी तीन प्रकारच्या लोकांचा संबंध येतो : गावात राहणारे मतदार, उपजीविकेसाठी परगावी गेलेले पण घरदार गावीच असलेले रहिवासी, आणि दरवर्षी येणारे यात्रेकरू. यांपैकी पहिल्या वर्गालाच सभेत बोलण्याचा व मत देण्याचा हक्क आहे. उरलेल्या दोन वर्गांना निर्णयाचे परिणाम भोगावे लागतात. निर्णय कसा झाला हे मात्र ऐकीव माहितीवरूनच कळते.

पूर्वपरंपरा : गावकीचा निर्णय चारचौघांसमक्ष व्हावा, ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. मराठा कालखंडात वतनाचे, शिवेचे व मानपानाचे तंटे गोतसभेपुढे चालत. ही सभा देवालयात, चावडीत, पारावर किंवा नदीकाठी भरे. निवाड्याच्या कागदास महजर म्हणत. त्यावर सभेस हजर असलेल्यांची नावे घातली जात आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाची निशाणी काढीत; पाटलाच्या नावापुढील नांगराची निशाणी सर्वपरिचित आहे. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात (१९५३) अशा महजरांचा विस्तृत अभ्यास केला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या पद्धतीचे एक वैशिष्ट्य लक्षणीय ठरते : जे सभेस हजर, तेच नोंदीचे साक्षीदार. लेखक एकटा असला, तरी नोंदीची सत्यता अनेकांच्या निशाण्यांवर अवलंबून असे.

या प्रकटतेला मर्यादाही मोठ्या होत्या. सभेतील स्थान वतनावर व जातीवर ठरे. गावात वतन नसलेल्या उपऱ्यांना तेथे विशेष स्थान नव्हते. अस्पृश्य मानलेल्या जातींतील लोकांची साक्ष शिवेच्या तंट्यांत महत्त्वाची मानली जाई. परंतु त्यांनी सभेच्या कडेला, अंतर राखून उभे राहावे अशी रूढी होती. स्त्रिया सामान्यतः सभेबाहेरच राहत. तात्पर्य, सभा उघड्यावर भरत असली, तरी ती सर्वांसाठी खुली नव्हती. पुढील काळात सभेच्या प्रकटतेबाबत झालेल्या कायद्यांचे मूल्यमापन याच कसोटीवर करावे लागते.

ब्रिटिश अमदानी : १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या सरकारने स्थानिक स्वराज्यासंबंधी ठराव प्रसिद्ध केल्यानंतर नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या विकासाला चालना मिळाली. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात सभेच्या प्रकटतेचा स्पष्ट नियम आढळतो. त्याच्या छत्तिसाव्या कलमानुसार महापालिकेची प्रत्येक सभा लोकांना खुली असते. एखादी चौकशी किंवा विचारविनिमय खाजगीत व्हावा असे उपस्थित सदस्यांच्या बहुमताने ठरावाद्वारे ठरविले, तरच सभा बंद करता येते. सभा बंद करावयाची असेल तर तसा ठराव उघडपणे मांडावा लागतो, ही या तरतुदीतील महत्त्वाची बाब होय. खुली सभा हा नियम आणि बंद सभा हा अपवाद, हे तत्त्व तिने रूढ केले.

इंग्लंडमध्ये हे तत्त्व कायद्यात येण्यास त्यानंतर वीस वर्षे लागली. वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना स्थानिक संस्थांच्या सभांना प्रवेश देणारा कायदा तेथे १९०८ मध्ये झाला, तर सामान्य जनतेला तसा हक्क १९६० च्या कायद्याने मिळाला. १९६० चे विधेयक मार्गारेट थॅचर यांनी खाजगी सदस्य म्हणून मांडले होते.

मुंबई इलाख्यात १९२० व १९३३ या वर्षी ग्रामपंचायतींविषयीचे कायदे झाले व गावकीच्या जुन्या सभेला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्याबरोबर नोंदीच्या पद्धतीतही बदल झाला. महजरावरील अनेक निशाण्यांची जागा कार्यवाहीच्या नोंदवहीने घेतली. सूचक, अनुमोदक, ठराव व अध्यक्षाची सही ही नवी पद्धती नेमकी व सोयीची होती; परंतु तीमुळे सभेचे कथन एका लेखनिकाच्या हाती आले. शहरांत वृत्तपत्रांचे बातमीदार सभेला हजर राहत असल्याने या कथनाला एक समांतर साक्ष मिळे. खेड्यांत ती क्वचितच उपलब्ध होती.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने (नंतरचा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) ग्रामसभा व पंचायत असा भेद स्पष्ट केला. ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व मतदारांची सभा व पंचायत म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांचे मंडळ. ग्रामसभेच्या आरंभी वर्षातून किमान दोन बैठका घेण्याची तरतूद होती. पुढे ही संख्या वाढविण्यात आली आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे रूढ दिवस ठरले. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३ पासून) ग्रामसभेस संविधानात स्थान मिळाले. महाराष्ट्रात सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही पुढे करण्यात आली. जुन्या गोतसभेने ज्यांना बाहेर ठेवले होते, त्यांना या कायद्यांनी सभेत बसविले.

कायद्यातील हक्क व प्रत्यक्ष उपस्थिती यांत मात्र अंतर राहिले. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार यांपैकी जी संख्या कमी असेल ती मानली जाते. पाच हजार मतदारांच्या गावात अशा रीतीने शंभर लोकांची सभा वैध ठरते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. शेतीचे दिवस, मजुरी, परगावची नोकरी व घरकाम यांमुळे बहुसंख्य मतदार सभेस येऊ शकत नाहीत. परिणामी सभेत काय ठरले, हे त्यांना कार्यवाहीच्या वहीतूनच समजते. आणि ती वही ग्रामपंचायतीच्या दप्तरात असते. सभा न होताच सह्या गोळा करून ठराव लिहिला जातो, अशा तक्रारींमुळे ‘कागदावरची ग्रामसभा’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. अशा वादांत ग्रामस्थांचे म्हणणे एकीकडे व लेखी इतिवृत्त दुसरीकडे असा प्रसंग उद्‌भवतो आणि चौकशीत लेखी कागदाचे वजन साहजिकच अधिक ठरते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने याबाबत वेगळी वाट चोखाळली. तेथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याचा प्रघात असून निर्णयापूर्वी अभ्यासगटांत विषयाची चर्चा होते. संपूर्ण गाव चर्चेत सहभागी असल्यामुळे नोंदीवरून वाद होण्याचे कारणच कमी राहते. परंतु ही पद्धत लहान व एकजिनसी वस्तीला साधते. यात्रेकरूंची वर्दळ, व्यापार व बाहेरगावी विखुरलेले रहिवासी असलेल्या मोठ्या गावाला ती जशीच्या तशी लागू करणे कठीण आहे.

माहितीचा अधिकार : शासकीय कामकाज जाणून घेणे हा नागरिकांचा हक्क आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राज नारायण या खटल्यात (१९७५) मांडले. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनावण्या भरविल्या. त्यांत सार्वजनिक कामांची हजेरीपत्रके व बिले गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली जात. जी माणसे मजुरीवर दाखविलेली असत ती समोरच बसलेली असल्यामुळे खोट्या नोंदी तत्काळ उघडकीस येत. कागद दप्तरात असतो तेव्हा त्याला मिळणारी विश्वासार्हता आणि तोच कागद लोकांसमोर वाचला जातो तेव्हा त्याची होणारी परीक्षा, यांतील फरक या सुनावण्यांनी दाखवून दिला.

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा राज्य कायदा सप्टेंबर २००२ पासून अंमलात आला. या कायद्यासाठी अण्णा हजारे यांनी केलेले आंदोलन प्रसिद्ध आहे. पुढे केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमातील एक पोटतरतूद सभांविषयी आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली मंडळे, परिषदा व समित्या यांची यादी स्वतःहून प्रसिद्ध करावी आणि त्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत किंवा कसे, तसेच त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहावयास मिळतात किंवा कसे, हेही जाहीर करावे, असे ती सांगते. ही तरतूद सभा खुली करण्याचे बंधन घालीत नाही; सभा खुली आहे की नाही ते सांगण्याचे बंधन घालते. तथापि याच कायद्यातील ‘माहिती’च्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्रीचाही अंतर्भाव होत असल्यामुळे, सभेचे चित्रीकरण झालेले असल्यास ते मागण्याचा मार्ग खुला झाला.

चित्रीकरण व दूरचित्रवाणी : भारतीय संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीपुढील राष्ट्रपतींचे अभिभाषण २० डिसेंबर १९८९ रोजी प्रथमच दूरचित्रवाणीवरून थेट दाखविण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे कामकाज दूरचित्रवाणीवर येऊ लागले होते. लोकसभेतील प्रश्नोत्तराच्या तासाचे ध्वनिचित्रमुद्रित प्रक्षेपण डिसेंबर १९९१ मध्ये व थेट प्रक्षेपण डिसेंबर १९९४ मध्ये सुरू झाले. लोकसभेची स्वतंत्र वाहिनी २००६ मध्ये, तर राज्यसभेची २०११ मध्ये सुरू झाली. दोन्हींचे एकत्रीकरण होऊन २०२१ मध्ये ‘संसद टीव्ही’ ही वाहिनी अस्तित्वात आली.

या अनुभवातून दोन गोष्टी निदर्शनास आल्या. पहिली अशी की, प्रक्षेपणामुळे लेखी इतिवृत्ताला समांतर नोंद तयार होते. असंसदीय शब्द कामकाजातून वगळण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्यास असतो. परंतु थेट प्रक्षेपणात ते शब्द देशभर ऐकले गेलेले असतात. दुसरी गोष्ट कॅमेऱ्यावरील नियंत्रणाविषयी होय. प्रक्षेपण सभागृहाच्याच यंत्रणेकडून होते आणि कॅमेरा कोणाकडे वळवावा, हे तीच ठरविते. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयक लोकसभेत संमत होत असताना थेट प्रक्षेपण बंद पडले. त्यासाठी तांत्रिक बिघाडाचे कारण देण्यात आले, तर टीकाकारांनी त्याविषयी शंका घेतली. कारण कोणतेही असो, जो प्रसंग पाहण्याची लोकांना सर्वाधिक उत्सुकता होती तोच नेमका दिसेनासा झाला. प्रक्षेपण हा प्रेक्षकाचा हक्क मानला जात नाही तोवर अशा खंडाबद्दल जाब विचारण्याचे साधनही त्याच्या हाती नसते.

सार्वजनिक सभेचे चित्रीकरण बंधनकारक करणारी एक महत्त्वाची तरतूद पर्यावरणविषयक नियमांत आढळते. पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यमापनासंबंधीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार प्रकल्पाविषयीच्या जनसुनावणीचे संपूर्ण चित्रीकरण करून त्याची प्रत अहवालासोबत पाठवावी लागते. सुनावणीच्या अखेरीस तिचा सारांश स्थानिक भाषेत उपस्थितांना वाचून दाखवावा, असेही त्यात नमूद आहे. या सुनावणीस गणपूर्तीची अट नाही. चित्रीकरण व वाचन या दोन्ही उपायांनी नोंदीची पडताळणी होऊ शकते, हे येथे कायद्यानेच मान्य केले आहे. हे चित्रीकरण मुख्यतः निर्णय घेणाऱ्या प्राधिकरणासाठी असते. सर्वांना ते त्याच वेळी पाहावयास मिळावे, हा त्याचा उद्देश नाही.

न्यायालयांच्या बाबतीत खुल्या सुनावणीचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने नरेश मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात (१९६६) विवेचिले. मुंबई उच्च न्यायालयातील एका साक्षीच्या प्रसिद्धीवरून हा खटला उद्‌भवला होता. सुनावणी सामान्यतः खुली असावी, परंतु न्यायाच्या हितासाठी न्यायालयाला अपवाद करता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. २६ सप्टेंबर २०१८ रोजी स्वप्नील त्रिपाठी प्रकरणात त्याच न्यायालयाने महत्त्वाच्या सुनावण्यांच्या थेट प्रक्षेपणास तत्त्वतः मान्यता दिली. त्यानुसार संविधानपीठांपुढील सुनावण्यांचे प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ पासून सुरू झाले. महाराष्ट्रातील शिवसेना पक्षाच्या फुटीतून निर्माण झालेल्या वादाची सुनावणी पहिल्याच दिवशी प्रक्षेपित झाल्यामुळे मराठी भाषकांचे या व्यवस्थेकडे विशेष लक्ष वेधले गेले. मान्यता व अंमलबजावणी यांमध्ये चार वर्षांचे अंतर पडले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

परदेशांतील बंधने : अमेरिकेच्या संघराज्यात १९७६ च्या कायद्याने बहुसदस्यीय संघीय संस्थांच्या सभा खुल्या करण्यात आल्या व अपवादांची दहा कारणे कायद्यातच नमूद करण्यात आली. हा कायदा उपस्थितीच्या हक्कापुरता होता. प्रक्षेपणाचे प्रत्यक्ष बंधन अलीकडच्या काळातील आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने आपल्या स्थानिक परिषदांना डिसेंबर २०१९ पासून सभा इंटरनेटवरून प्रक्षेपित करणे आवश्यक केले. वेल्समध्ये २०२१ च्या कायद्याने मुख्य स्थानिक परिषदांच्या पूर्ण सभांचे प्रक्षेपण बंधनकारक ठरले. ग्रामपातळीवरील लहान परिषदा मात्र त्यातून वगळण्यात आल्या. इंग्लंडमध्ये २०१४ च्या नियमांनी वेगळी दिशा स्वीकारली. तेथे संस्थेवर प्रक्षेपणाची सक्ती न करता, उपस्थित नागरिकांना खुल्या सभेचे चित्रीकरण करण्याची मुभा देण्यात आली. कॅमेरा संस्थेच्या हाती असावा की नागरिकाच्या, या प्रश्नाची ही दोन भिन्न उत्तरे होत.

लहान संस्थांच्या सभा कोणी पाहत नाहीत, हा समज इंग्लंडमधीलच एका घटनेने खोटा ठरविला. चेशर परगण्यातील हँडफोर्थ या गावाच्या परिषदेची डिसेंबर २०२० मध्ये दूरदृश्य पद्धतीने झालेली, भांडणांनी गाजलेली सभा फेब्रुवारी २०२१ मध्ये अचानक प्रसिद्धीस आली आणि लक्षावधी लोकांनी पाहिली. या प्रसंगाने लहान परिषदांच्या कारभाराकडे लोकांचे लक्ष वेधले. त्याचबरोबर सभेचा एखादा तुकडा मूळ संदर्भापासून वेगळा होऊन करमणुकीचा विषय कसा बनतो, हेही दिसून आले.

ग्रामपातळीवरील साधने : सर्व ग्रामपंचायती प्रकाशीय तंतूंच्या जाळ्याने जोडण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत दाखले व सेवा देण्यासाठी संगणक आले. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रत्यक्ष सभांवर निर्बंध आले, तेव्हा अनेक सार्वजनिक संस्थांनी दूरदृश्य पद्धतीने सभा घेतल्या. परिणामी सभा दुरून पाहणे ही कल्पना खेड्यापाड्यांतही परिचयाची झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने ‘सभासार’ हे साधन सुरू केले. ग्रामसभेच्या ध्वनिचित्रमुद्रणावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने इतिवृत्ताचा मसुदा तयार करणे, हे त्याचे कार्य. यामुळे इतिवृत्त लिहिण्याचे श्रम वाचतात. तथापि मूळ मुद्रण लोकांना उपलब्ध नसेल, तर यंत्राने केलेल्या सारांशाचीही पडताळणी करता येत नाही. लेखनिकाच्या जागी यंत्र आल्याने नोंदीचा प्रश्न सुटत नाही. मूळ मुद्रण खुले असल्यासच तो सुटतो.

शिर्डी, मुंबईचे सिद्धिविनायक मंदिर यांसारख्या देवस्थानांनी थेट दर्शनाची सोय केल्यामुळे भाविकांना घरबसल्या आरती पाहणे आता अंगवळणी पडले आहे. त्यासाठी लागणारी साधने व सभेच्या प्रक्षेपणासाठी लागणारी साधने यांत मोठा फरक नाही. एक कॅमेरा, चांगला ध्वनिग्राहक व भरवशाचे जाळे एवढ्यावर लहान सभेचे काम भागते. यांपैकी ध्वनिग्राहकाचे महत्त्व सर्वाधिक होय. कारण मागील रांगेतून विचारलेला प्रश्न ऐकू आला नाही, तर केवळ व्यासपीठावरील उत्तरेच प्रक्षेपित होतात आणि सभेचे एकांगी चित्र उभे राहते.

आक्षेप व मर्यादा : बंधनकारक प्रक्षेपणावर घेतले जाणारे आक्षेप चार प्रकारचे आहेत. पहिला आक्षेप असा की, प्रेक्षकांचे भान आल्यावर सदस्य परस्परांशी न बोलता कॅमेऱ्याशी बोलू लागतात. तडजोडीची भाषा मागे पडून आवेशाची भाषा पुढे येते. दुसरा असा की, खरा निर्णय सभेपूर्वी बंद खोलीत होतो व सभेत केवळ त्याचे प्रदर्शन घडते. तिसरा आक्षेप खाजगीपणाचा होय. घरकुलाचे किंवा निराधार अनुदानाचे लाभार्थी ठरविताना कुटुंबाची गरिबी, आजार व वाद यांचा उल्लेख होतो. चावडीत शंभर ओळखीच्या माणसांसमोर झालेला उल्लेख आणि कायम जतन होणारे मुद्रण यांत अंतर आहे. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाल्यावर हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरला आहे. चौथा आक्षेप सामाजिक आहे. गावातील प्रबळ माणसाविरुद्ध बोलणारी स्त्री किंवा भूमिहीन मजूर मुद्रणाच्या भीतीने गप्प बसण्याचा संभव असतो.

हे आक्षेप निराधार नाहीत, परंतु त्यांचे वजन सारखे नाही. पहिले दोन दोष प्रक्षेपण नसलेल्या सभांतही आढळतात. तिसऱ्याचे निवारण विषयवार अपवादाने होऊ शकते : वैयक्तिक बाबींपुरते प्रक्षेपण थांबवावे, थांबविण्याचे कारण सभेत सांगावे व ते इतिवृत्तात नोंदवावे. १८८८ च्या अधिनियमातील बंद सभेच्या ठरावाचे तत्त्व येथे उपयोगी पडते. चौथा आक्षेप सर्वांत गंभीर होय. तथापि दुर्बलाला गप्प बसविणारी भीती कॅमेऱ्याने निर्माण केलेली नसते. प्रसंगी मुद्रण हाच अशा व्यक्तीचा आधार ठरतो, कारण तिने मांडलेले म्हणणे नंतर वहीतून गाळता येत नाही. महिला सभेच्या बाबतीत मात्र प्रक्षेपणाविषयीचा निर्णय त्या सभेवरच सोपविणे अधिक योग्य ठरेल.

महापूर व सभा : कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात शिरते व पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. भाविक या प्रसंगास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. हेच पाणी मर्यादेपलीकडे चढल्यास गाव सोडावे लागते. २००५, २०१९ व २०२१ या वर्षींच्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील अनेक गावांना वेढा पडला आणि लोकांना स्थलांतर करावे लागले. धरणांतून किती पाणी केव्हा सोडावे, कर्नाटकातील अलमट्टी धरणात किती साठा ठेवावा, याविषयीचे निर्णय पुराच्या काळात दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या पातळीवर होतात. २०१९ च्या महापुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्याससमिती नेमली. कृष्णा पाणीतंटा लवादाने अलमट्टीची पातळी ५१९·६० मीटरवरून ५२४·२५६ मीटरपर्यंत वाढविण्यास २०१० च्या निवाड्यात संमती दिल्यापासून हा विषय या भागात सतत चर्चेत आहे.

पूरनियंत्रणाच्या तातडीच्या बैठका जशाच्या तशा प्रक्षेपित करणे प्रत्येक वेळी इष्ट असेलच असे नाही. अर्धवट ऐकलेला आकडा घबराट पसरवू शकतो. परंतु पूर ओसरल्यानंतर पंचनामे, सानुग्रह अनुदान व पुनर्वसन यांवर ज्या ग्रामसभा होतात, त्यांना हे कारण लागू पडत नाही. अशा वेळी ग्रामस्थ नातेवाइकांकडे, शाळांतील छावण्यांत किंवा परगावी विखुरलेले असतात. ज्यांची घरे पडली, तेच सभेस येण्यास सर्वांत असमर्थ असतात. त्यांचे नाव यादीत आले किंवा का आले नाही, हे त्यांना ऐकू येण्याची सोय या प्रसंगी उपस्थितीच्या हक्काइतकीच मोलाची ठरते. वैयक्तिक तपशील वगळूनही यादीचे निकष, आक्षेप व त्यांवरील निर्णय प्रक्षेपित करता येतात.

बंधनाचे स्वरूप : वरील अनुभवांवरून परिणामकारक बंधनाची काही अंगे निश्चित करता येतात. प्रक्षेपण हा नियम व बंद सभा हा सकारण अपवाद असावा. अपवादांची यादी कायद्यात असावी. ती अध्यक्षाच्या मर्जीवर नसावी. विषयपत्रिका सभेपूर्वी प्रसिद्ध व्हावी, अन्यथा प्रेक्षकाला चर्चेचा संदर्भ लागत नाही. मुद्रण ठरावीक काळपर्यंत जसेच्या तसे जतन करून प्रत्येक विषयाच्या क्रमानुसार शोधता येईल असे ठेवावे. जाळे बंद पडल्यास सभा अवैध ठरू नये. मात्र मुद्रण चालू ठेवून ते नंतर प्रसिद्ध करण्याचे बंधन असावे. उपस्थित नागरिकांनाही खुल्या सभेचे चित्रीकरण करण्याची मोकळीक असावी, म्हणजे कॅमेरा एकाच पक्षाच्या हाती राहत नाही. लहान ग्रामपंचायतींवर हा खर्च एकदम न लादता तो टप्प्याटप्प्याने व शासनाच्या साहाय्याने उचलला जावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रक्षेपण हे उपस्थितीला पर्याय मानले जाऊ नये. पाहणारा मतदार गणपूर्तीत धरला गेला, तर ओस पडलेल्या सभागृहातही सभा वैध ठरेल व ग्रामसभेचा मूळ हेतूच नाहीसा होईल.

प्रक्षेपण ऐच्छिक असले म्हणजे संस्था सत्कार, उद्‌घाटने व अभिनंदनाचे ठराव दाखविते आणि निविदा, जागावाटप व तक्रारी यांच्या वेळी कॅमेरा बंद असतो. अशा प्रक्षेपणाला प्रसिद्धी म्हणता येईल, प्रकटता म्हणता येणार नाही. महजरावरील निशाण्या, बातमीदाराची टिपणे, माहितीच्या अधिकारातील प्रती व सभेचे मुद्रण ही एकाच गरजेची निरनिराळ्या काळांतील रूपे होत. सभेत जे घडले त्याची साक्ष एकाहून अधिक जणांपाशी असावी, ही ती गरज. जी व्यक्ती सभेस येऊ शकली नाही तिच्यापर्यंतही ही साक्ष पोहोचविणे, हे बंधनकारक प्रक्षेपणाचे प्रयोजन असून त्याची उपयुक्तताही याच निकषावर ठरवावी लागेल.